नारळ अजून सोडायचा नाही

२ ऑगस्ट

गेले! सगळे ट्रक गेले. शेवटच्या ट्रकवर पाळण्याचे लोखंडी दांडे, दांड्यांवर गाद्या, गाद्यांवर माझा नवरा, कांग. हात हलवत होता की तोल सावरत होता, कळलं नाही. वळणावर धूळ उडाली आणि संपलं.

आठवीचं दप्तर मावशीच्या ओट्यावर टाकून मी या जत्रेबरोबर निघाले, ती आजपर्यंत एका गावात धड टिकले नाही. तेगल, पमलांग, कुदुस, तुबान — गावातल्या गल्ल्या ओळखीच्या होईपर्यंत तंबू उतरायचे. मला तेच आवडायचं. आणि आता म्हणे बाळ होईपर्यंत इथेच. सासूच्या घरी. पुढे मिठागर, मागे मिठागर, मधे हे घर. एक पंखा, तोही मान हलवत नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जड उचलायचं नाही. मोटरसायकल नाही. ट्रक तर नाहीच नाही. जमेल तितकं पडून राहायचं.

"कधीपर्यंत?"

"बाळ आत राहील तोपर्यंत."

हे काय उत्तर झालं!

४ ऑगस्ट

नीट लिहून टाकते, म्हणजे डोक्यात घोळणार नाही. गर्भाशयात गाठ आहे. कॅन्सर नाही. हे बाई दोनदा म्हणाल्या, मला आणखी चारदा विचारावंसं वाटलं. कितीतरी बायकांना असते, कळतही नाही. माझी मात्र बाळाबरोबर वाढली. आधी मोसंब्याएवढी होती, आता पपनसाएवढी. आणि बसलीय कुठे — खाली, दारातच! बाळाला डोकं खाली करायला जागा नाही. शिवाय अशा गाठीने वेळेआधीच कळा सुरू होऊ शकतात. "होतीलच असं नाही," त्या म्हणाल्या. पण ते त्या पुटपुटल्या, आणि आधीचं मोठ्याने म्हणाल्या.

पडद्यावर मला दोन गोल दिसले. एक हलत होता. एक नाही.

मी विचारलं, "आत्ता झालं तर?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. बोलल्या काहीतरी, फुप्फुसं कच्ची वगैरे, पण मी त्या पेनाकडेच बघत होते.

जत्रेत मी लाटेच्या पाळण्याची तिकिटं फाडायचे. मोठं गोल कडं, त्यावर माणसं बसतात. मोटर नाही काही — कांग आणि त्याचे तीन साथीदार हाताने फिरवतात, वेग आला की पळता पळता वर उडी घेऊन उलटे लटकतात. पोरी किंचाळतात. मीपण किंचाळले होते पहिल्यांदा, म्हणून तर लग्न झालं! तर त्या कड्यावर रोज एखादा बिनतिकिटाचा येऊन बसायचा. ऊठ म्हटलं तरी हसायचा, उठायचा नाही. गाठीला मी आजपासून फुकट्या म्हणणार. बाळाकडे तिकीट आहे. याच्याकडे नाही. आणि बसलाय मात्र ऐसपैस.

असं लिहिलं की जरा भीती कमी होते. जरा.

७ ऑगस्ट

माकने सुमी आजीला बोलावलं. (माक म्हणजे सासू. इथे आईलाही माक, म्हणून मीही माकच म्हणते. आणि नवऱ्याचं नाव दारमो, पण नाव घेतलं की माक डोळे वटारते, म्हणून कांग.) सुमी आजी पोटाला हात लावून सगळ्या गावाची बाळंतपणं सांगते. तिने तेल न लावता नुसती बोटं फिरवली. वर थांबली. खाली थांबली. मग तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं आणि म्हणाली, "दोन डोकी."

माकने तिथल्या तिथे हात जोडले!

"आजी, एक डोकं आहे, एक गाठ आहे."

"मला शिकवतेस? गाठीला डोकं असतं का?"

"डोकं नाहीच आहे ते!"

पण तोवर माक दारात. पलीकडच्या पोनिरा काकूला ओरडून सांगत होती, जुळं आहे जुळं! संध्याकाळी कांगचा फोन. जत्रेत म्हणे सगळ्यांना मिठाई वाटली. मी रडले. तो म्हणाला, "आनंदाने?" मी म्हटलं, "गाढवा, फुकट्याची मिठाई वाटलीस तू."

मग माकला बसवलं आणि डॉक्टरीणबाईंचं सगळं पुन्हा सांगितलं, सावकाश. ती म्हणाली, "म्हणजे पोराच्या जागेवर दुसराच कुणी बसलाय?"

"हो."

"आणि उठत नाही?"

"नाही."

तिने एक शिवी दिली. इथे लिहीत नाही. पण बरं वाटलं.

१० ऑगस्ट

आज पोट दगडासारखं कडक झालं. मग सुटलं. कुणाला सांगितलं नाही. मग सांगितलं. माक म्हणाली, पाणी पी. प्यायले. पुन्हा झालं नाही. पण मी दिवसभर हात पोटावर ठेवून त्याची वाट बघत बसले. कशाची वाट बघावी माणसाने!

१७ ऑगस्ट

आमच्या देशाचा स्वातंत्र्यदिन. मैदानात पोफळीचा खांब रोवलाय, तेल फासून, टोकाला सायकल आणि बादल्या टांगल्यात, जो वर पोचेल त्याला. कर्ण्यावरून सगळं ऐकू येतं. मला जायचं होतं! नुसतं दारापर्यंत गेले तर माक मिठागरातून ओरडली — त्या बाईचे डोळे पाठीवर आहेत. "आडवी हो!"

आडवी झाले. कुदुसला एका वर्षी एक कुबडा माणूस सगळ्यांच्या खांद्यांवरून असा चढला होता वर, माकडासारखा, आणि वर जाऊन त्याने सायकल नाही, फक्त एक झाडू काढून घेतला आणि उतरला. का ते त्यालाच ठाऊक. मला तो माणूस फार आवडला होता. काय सांगत होते? हां, कर्णा. खांबावर कुणीतरी अगदी टोकाला पोचला असावा. लोक श्वास रोखून गप्प झाले. आणि एकदम सगळं मैदान ओरडलं, "निसटला! निसटला!" आणि हसले.

दोन्ही पाय एकमेकांना घट्ट चिकटवून पडून राहिले. वेडेपणा आहे, कळतं मला. तरी.

२१ ऑगस्ट

माकशी भांडण.

सातवा लागला म्हणून तिला सातव्याचं न्हाण घालायचंय. सात विहिरींचं पाणी, सात लुगडी, रुजाक म्हणजे कैरी-फळांची तिखट कोशिंबीर, जेवण. घाला की! पण शेवटी काय असतं ते मला आठवलं. कमरेला दोरा बांधतात, तो नवरा हळदीच्या सुरीने, म्हणजे टोकाला हळद खोचलेल्या सुरीने, कापतो. मग पोटावरून, लुगड्याच्या आतून, कोवळा पिवळा नारळ सोडतात. खाली बाळाची आजी बसलेली असते, ती झेलते.

"माक, नारळ कसा पडायला पाहिजे?"

"सुळकन! दारमोच्या वेळी असा पडला की माझ्या सासूच्या हातातून सुटता सुटता राहिला. आणि दारमो झालापण तसाच, सुईण चप्पल काढत होती तोवर!"

"मला सुळकन नको."

"काय नको?"

"सुळकन नको! मला अडकलेलं हवंय! डॉक्टर म्हणतात धरून ठेव, आणि तू म्हणतेस सोड!"

माक माझ्याकडे अशी बघत होती जशी मी मिठागरात साखर मागितली. म्हणाली, "देशातल्या सगळ्या बायका सुटका मागतात आणि ही अडकलेलं मागते."

"मग घालू नकोस न्हाण."

"न्हाण न घालता पोर आणायचं? उघडंनागडं? कोण आहेस कोण तू, रस्त्यावर सापडलेली?"

हे लागलं मला. कारण सापडलेय मी रस्त्यावरच. जेवताना तिने शेवग्याच्या पाल्याचं, मिरी घातलेलं माशाचं कालवण माझ्या ताटात दोनदा वाढलं.

२४ ऑगस्ट

माक मिठागरातून आली, पाय न धुताच माझ्या खाटेशी बसली. टाचांच्या भेगांत मीठ चमकत होतं. म्हणाली, "खाडीचं पाणी आपण वाफ्यात घेतो. मग काय करतो?"

"बांध घालतो."

"आणि?"

"थांबतो."

"मधेच कुणी शहाण्याने बांध फोडला तर?"

"चिखल."

"चिखल!" तिने मांडीवर थाप मारली. "तर ऐक. न्हाण घालायचं. लुगडी, रुजाक, सगळं. दोरा बांधायचा. पण कापायचा नाही. नारळ आणायचा, पोटाला लावायचा, पण सोडायचा नाही. वर टांगून ठेवायचा. उरलेलं मग करू. वेळेवर."

"असं कुणी केलंय आधी?"

"मी करतेय ना!"

मी तिचा हात धरला. खरखरीत हात. तिने सोडवून घेतला, म्हणाली, आमटी उतू जाईल. आमटी चुलीवर नव्हतीच.

२९ ऑगस्ट

आज झालं. आणि एक वाईट झालं. क्रमाने लिहिते.

कांग काल आला. नारळ त्यानेच कोरला — एका बाजूला प्रेमाचा देव कामजय, दुसऱ्या बाजूला त्याची रती. म्हणजे बाळ त्यांच्यासारखं देखणं व्हावं. रतीचे डोळे तिरळे झालेत आणि कामजय हुबेहूब आमच्या जत्रेचा मॅनेजर! मी हसले इतकी की माक धावत आली, हसू नको, पोट हलतंय.

मला स्टुलावर बसवूनच न्हाऊ घातलं. पाणी गार, त्यात गुलाब, चाफा. मग लुगडी. नियम असा की एकेक लुगडं गुंडाळायचं आणि बायकांनी ओरडायचं, "शोभत नाही!" पहिलं — शोभत नाही! दुसरं — शोभत नाही! पोनिरा काकू तर एवढ्या मनापासून ओरडली की कांगला राग आला. सातवं साधं, सुती, चट्ट्यापट्ट्यांचं. "हे शोभतं!" मला रडू आलं. रुजाक चटकदार झाला. म्हणजे मुलगी होणार म्हणे. कैरी संपेपर्यंत बायका बोटं चाटत होत्या.

पोनिरा काकू म्हणाली, "नारळ सोडणार नाही म्हणे? अर्धं न्हाण म्हटल्यावर आम्ही पण अर्धंच जेवायचं का गं?"

माक म्हणाली, "तू पोटभर जेव. तुला कधी अर्धं जमलंय? नारळाला हात लावलास तर मात्र बघ."

दोरा बांधला. तीन धाग्यांचा — लाल, पांढरा, काळा. कांगने हळदीची सुरी हातात घेऊन नुसतं समोर बसायचं होतं. नुसतं! माकने त्याला दहादा बजावलं. मशिदीतले बुवा दुआ म्हणायला आले होते. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. आयुष्यभर जे म्हणत आले तेच ते म्हणाले. दुआ संपवली, मान वर केली, म्हणाले, "काप, बाळा."

आणि त्याने कापला!

त्याला तरी काय बोलू. पाळण्यावर "उडी!" म्हटलं की विचार न करता उडी मारणारा माणूस. सुरी लागली, माकने त्याचं मनगट धरलं, पण लाल धागा तुटला. पांढरा आणि काळा राहिले. माकने लाल धाग्याची टोकं जुळवली आणि गाठ मारली. पक्की, मिठाच्या पोत्याला मारतात तशी.

मग ती मोठ्याने म्हणाली, "झालं. जेवायला बसा!"

आता मला दोन गाठी. एक आत, एक बाहेर. आतली सोडू पाहते, बाहेरची धरून ठेवते. बाहेरची जास्त घट्ट असू दे.

३० ऑगस्ट

कांग परत गेला. दारात म्हणाला, "विनार, मी तिथे उलटा लटकलो की खाली सगळं फिरत असतं, पण मी कधी घाबरलो नाही. काल घाबरलो."

मी म्हटलं, "पुढच्या वेळी बुवांचं ऐकू नकोस."

"पुढच्या वेळी?"

दोघंही हसलो. मग तो निघाला आणि मी भिंतीकडे तोंड केलं.

३ सप्टेंबर

नारळ माझ्या खाटेच्या बरोबर वर, तुळईला, झोळीत टांगलाय. मी खाली, तो वर. दोघंही पडून. मॅनेजर माझ्याकडे बघतो.

पोनिरा काकू भेंडी द्यायला आली आणि बोलून गेली — सातव्यात झालेलं जगतं, आठव्यातलं नाही जगत, माझ्या भाचीचं बघ. माकने तिला भेंडीसकट परत पाठवलं. पण शब्द घरात राहिला. आठवा लागणारच आहे की आता. त्याला कसं थांबवू?

१२ सप्टेंबर

हॉस्पिटलमधून लिहितेय.

परवा दुपारी खालच्या बाजूला असं दुखलं — कुणी मुठीत धरून पिळावं तसं. ताप भरला. मला वाटलं, झालं. बाळ चाललं. मी पाय आवळून धरले आणि नारळाकडे बघून ओरडले, "पडू नकोस! पडू नकोस!" माक धावत आली ती तशीच, हातात मीठ ओढायचं फळकूट.

इथल्या डॉक्टर हेरावतींनी तपासलं. दुखतं ते फुकट्याचं. इतका भराभर वाढला की त्याला रक्त पुरेना, म्हणून तो आतल्या आत सडतोय, नाचतोय. त्याच्या नाचण्याने पिशवीला कळा आल्या. थांबवायचं औषध दिलं, आणि मांडीत इंजेक्शनं — बाळाची फुप्फुसं लवकर पिकावीत म्हणून. बाळ पिकवतात हे मला ठाऊक नव्हतं. केळी पिकवतात तसं!

नर्स एंदांग पोटावर पट्टा बांधायला आली, बाळाचे ठोके ऐकायला. "हा दोरा काढा."

"नाही."

"अहो, पट्टा बसत नाही." आणि कात्री काढली.

मी अशी किंचाळले की पलीकडच्या खोलीतले लोक दारात आले. माक मधे उभी राहिली, अनवाणी, हात पसरून. एंदांग दोघींकडे बघत राहिली. मग कात्री खिशात घातली. "ओरडू नका, बाळ घाबरेल. वर सरकवते. छातीखाली चालेल?"

माकने विचार केला. "चालेल. पण उतरवायचा नाही."

"नाही उतरवत, आजी."

तिलाच मी विचारलं, आठव्यातलं जगत नाही हे खरं का. ती पट्टा आवळत म्हणाली, "बाळाला महिने मोजता येत नाहीत. जितकं आत, तितकं बरं. एवढंच." मग ठोके ऐकू आले. घोडा पळतो तसे! घोडा म्हटलं की मला पमलांगच्या जत्रेतला तो आंधळा घोडा — नको, ते मग कधी.

१६ सप्टेंबर

घरी. कळा थांबल्यात. नारळ जागेवर आहे.

बाळ आडमुठं आहे, डोकं वरच. फुकट्या खाली असताना ते तरी कुठे वळणार. म्हणून ऑपरेशनच होणार, पुढच्या महिन्यात, टिकलं तर. "टिकलं तर" हे डॉक्टर म्हणाल्या. माक फोनवर कांगला सांगताना "टिकलं तर" गाळते. मला ऐकू येतं की.

ठरलंय असं: ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कांग येणार, दोरा नीट कापणार, नारळ सोडणार, माक झेलणार. मग जायचं. क्रमाने.

२० सप्टेंबर

नारळ सुकायला लागलाय. रतीचा गाल आत गेला. माकला म्हटलं. ती म्हणाली, "सुकू दे. पडत नाही ना?"

रोज सकाळी डोळे उघडले की आधी वर बघते. मग पोटावर हात. मग चादर. चादर कोरडी असली की दिवस सुरू.

२४ सप्टेंबर

चादर ओली. पाणी गेलं. भर दुपार, माक मिठागरात, मी हाका मारतेय. काय करू म्हणून लिहितेय. नारळ वर आहे! पडला नाही! मग का? आली माक. मिठाचा छोटा ट्रक थांबवलाय तिने रस्त्यात. ट्रक नको म्हणाले होते ना

२६ सप्टेंबर

शेवटी ट्रकच. पोती बाजूला सारली, माकने मला मधे झोपवलं आणि प्रत्येक खड्ड्याला माझं पोट दोन्ही हातांनी धरलं, जसं काही तीच उचलून नेत होती. वर आकाश मागे पळत होतं. इतक्या वर्षांत कितीदा अशी झोपले असेन ट्रकवर! तेव्हा वाटायचं, कधी थांबूच नये. आता मनात एकच — थांब. थांब. थांब.

पाय बाहेर यायला निघाले होते. कांगला फोन केला तर तो लामोंगानच्या पुढे कुठेतरी, रस्त्यावर. ऑपरेशनच्या खोलीत गारठा. एंदांगच होती. म्हणाली, "आता वर सरकवून नाही भागणार."

"नवऱ्याने कापायचा असतो."

"ते येतील तोवर थांबता येणार नाही, ताई." पण तिने स्वतः कापला नाही. कात्री हातात धरून उभी राहिली. बाकीचे घाई करत होते. ती उभी.

मी हात पुढे केला. "द्या."

थंड कात्री. एवढे दिवस मीच ओरडत होते, कुणी हात लावू नका. लाल धाग्यावर माकची गाठ इतकी घट्ट की कात्री चालेना. गाठीच्या बाजूने कापलं. लाल, पांढरा, काळा, तिन्ही. बाळाला मनात म्हटलं, मी सोडत नाहीये तुला. नुसता दोरा आहे हा. खोटंच. सोडतच होते.

एंदांगने ती गाठ माझ्या मुठीत दिली. "ही तुम्ही धरा. दुसरी आम्ही बघतो."

मुलगी. मांजराच्या पिल्लासारखं एकदाच रडली. दाखवली आणि नेली. मग खूप रक्त गेलं म्हणे माझं, मला फक्त छतावरचा दिवा लांब लांब जाताना आठवतो. फुकट्याला काढलं नाही. हात लावला असता तर रक्त थांबलंच नसतं. आपोआप आकसेल म्हणतात. म्हणजे तिकीटवाली खाली उतरली आणि हा अजून बसलाय!

ती काचेच्या पेटीत आहे. नाकात नळी. तिची मांडी माझ्या अंगठ्याएवढी. पेटीत हात घालू देतात, पण माझा हात घाबरतो.

२७ सप्टेंबर

कांग पोचला. काचेला कपाळ लावून उभा. कुणी "उडी" म्हटलं असतं तर पेटीत उडी मारली असती.

माक मात्र काचेजवळ यायला तयार नाही. लांब बाकावर बसून राहते. मी म्हटलं, "माक, नात बघायची नाही?"

"अजून झाली नाही ती."

"काय बोलतेस!"

"नारळ वर आहे. मी घरी जाऊन बघून आले. सोडला नाही तोवर ती आतच आहे. ती काच म्हणजे अजून पोटच समज." आणि मग हळू, "आत असलेल्याला काही होत नाही, पोरी."

होतं, माक. पण मी बोलले नाही. मीही तेच धरून बसले.

३० सप्टेंबर

ती मधेच श्वास घ्यायला विसरते. यंत्र ओरडतं. एंदांग तळपायाला टिचकी मारते. मग आठवतं तिला. आज तीनदा विसरली. तिसऱ्यांदा टिचकीनेही आठवेना. मला बाहेर काढलं. काच पडद्याने झाकली.

मूठ उघडत नाहीये माझी. गाठ आत आहे.

२२ ऑक्टोबर

कांग स्टुलावर चढला, तुळईची झोळी सोडली. नारळ वाळून खुळखुळ वाजत होता. मी उभी राहिले, कमरेला ते सातवं लुगडं. त्याने वरून आत सोडला आणि ओरडला, "झेल, माक!"

सुळकन! जमिनीवर आपटला आणि घरंगळत उंबऱ्यापर्यंत गेला.

माक जागची हलली नाही. "ओरडू नकोस मेल्या, उठेल ती! आणि झेलू कशाने? दोन्ही हात भरलेत ना माझे."